हाक आली की परत कुठे यायचं

चि. धाकटीस, थोरलीचे अनेक आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? माझे तुझ्याहून बरे आहेत, हे कळवायला फार आनंद होतो. अक्षर नातीचं, बोलणं माझं. (ती मधूनमधून हसते, म्हणून ओळी वाकड्या.)

हिची नोकरी काय आहे ते ऐक. संगणकाच्या पोटात कर्नेल म्हणून कारभारी असतो. चालू कामाला मधेच हाक मारायची ती त्याच्यामार्फत; तिला हे लोक सिग्नल म्हणतात. कामानं ओ द्यायची आणि होतं तिथूनच पुन्हा सुरू व्हायचं. रोजच्या हाका सुरळीत चालतात. पण झोपलेल्या कामाला हाक मारली आणि ते ओ देतंय तोवर दुसरी मारली तर? असं क्वचित होतं, म्हणून तो रस्ता कुणी तपासत नाही. ही मुद्दाम तसं घडवून बघते. निजलेल्याला उठवायचा पगार घेते गं! मी जन्मभर फुकट केलं.

म्हटलं, आपणही करून बघू. हे दाढी करत होते. एक गाल झालेला, दुसऱ्यावर फेस. मी ओरडले, "अहो, दारात कोण आलंय बघा!" हे निघाले. दाराशी पोचतात तोच म्हटलं, "अहो, दूध उतू चाललं!" (दोन्ही खोटं.) दूध बघितलं, दार बघितलं, आरशापाशी परतले आणि झालेलाच गाल पुन्हा खरवडला. फेसाचा गाल तसाच घेऊन बाजारात! भाजीवाला म्हणाला, "आजोबा, उरलेली उद्या का?"

नात पोट धरून हसली. म्हणाली, "आजी, माझ्या कर्नेलचं दुखणं हेच! दुसरी हाक आली की पहिली जागा विसरतो." त्याला तिनं दुरुस्त केलंय. यांचं काही होत नाही.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

ता. क. डाव रंगात असताना तुझ्या विहीणबाईंसमोर मी म्हणाले, ही पत्त्यांत लबाडी करते. तू पानं टाकून उठलीस, तेव्हापासून फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. आपल्यातला हा रस्ता कधी वापरलेला नाही, चालतो का बघते.

आणखी एक. लबाडी तू करतेसच. पण हे इतके सरळ खेळतात की यांना हरवण्यात राम नाही. सगळ्यांची पानं होती तशी झाकून ठेवलीत. रविवारी ये, तिथूनच पुढे खेळू. नाही आलीस तर मी पिशवी घेऊन तुझ्याकडे मुक्कामाला येईन. संगणकातल्या कामाला टाळता येत नाही अशीही एक हाक असते म्हणे.

तुझी,
थोरली

(मावशीआजी, आजीला वाचता येत नाही म्हणून लिहिते. तुझी पानं तिनं बघितली आहेत. लवकर ये. – नात)