मांडवाला विलो

केंब्रिज, ऑन्टारिओ

प्रिय फियोना,

तुझा मेसेज मिळाला. फोन केला असता तर मी रडले असते आणि तू मला समजावत बसली असतीस, म्हणून लिहिते.

काल ह्युरॉन तलावाकाठच्या आमच्या कॉटेजवर जाऊन आले. डेकवर वाळू, दाराच्या फटीतून किचनपर्यंत वाळू. येणारच. तिला धरून ठेवणारा समोरच्या टेकाडावरचा झुडपी विलो जूनमध्ये तुझ्या सलोनीच्या लग्नाच्या मांडवाला गेला. वसईला मांडवाला उंबराची फांदी लागते. एकच, आणि तीही क्रुसाची खूण करून तोडायची. इथे उंबर कुठला, म्हणून हिरवं दिसलं ते कापलंत. एक फांदी हवी असती तर मीच कात्री आणून दिली असती गं. तुम्ही फोटोत भरगच्च दिसावं म्हणून अख्खं टेकाड भादरलंत.

ती झुडपं कोणी लावलेली नव्हती, इथलीच, आपल्या कितीतरी आधीची. प्लांटमधून रिटायर झाल्यावर माझ्या फेलिक्सने त्यांच्याभोवती दोरी बांधली, पोरांना आत जाऊ द्यायचा नाही. वाळूने गाडलं तरी खोडाला नवी मुळं फुटतात आणि झुडूप वर येतं, हे तो पाहुण्यांना जेवण थंड होईपर्यंत सांगायचा. तू हसायचीस. अर्नाळ्याच्या सुरूच्या बनात वाढलेला माणूस तो, त्याला वाळू कळायची. तूही तिथलीच, पण असो.

तेही गिळलं असतं मी. पण नवरीच्या आंघोळीचं, उंबराचं पाणी आणायच्या वेळी तू मला बर्फ आणायला पिटाळलंस, फ्रीजर बर्फाने भरलेला असताना. परत आले तर तलावाच्या पाण्याची घागर सलोनीच्या आत्याच्या डोक्यावर. थोरली मावशी मी, पोरीला पहिली आंघोळ माझ्या हातची. मी बर्फाच्या पिशव्या घेऊन दारात उभी होते, तेव्हा तू आत कोणाला तरी सांगत होतीस, लुसीला आता नवरा नाही, पाण्याला तिचा हात नको. फेलिक्सला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मग चर्चमध्ये मिस्साला मला पहिल्या बाकावर बसवलंस. तेवढ्यात भागलं असं वाटलं असेल तुला.

आता तुझ्या क्लेटनचं लग्नही तिथेच करायचंय म्हणून किल्ली मागतेस. नाही देणार. सोयऱ्यांना कारण सांगावं लागेल, तर सांग, ते विधवेचं घर आहे, शुभकार्याला चालत नाही. तुला सांगायला जड जाणार नाही.

तुझीच,
लुसी