अळंबीच्या दोन जागा

लिटोमिश्ल,
शनिवार, ८ ऑक्टोबर १९३८

एर्विन,

खुशाली कळवायची रीत आहे, म्हणून कळवतो. आम्ही नवराबायको इथे एका व्यायामशाळेत आहोत, पेंढ्यावर निजतो. व्लास्ताला खोकला झालाय. तुमची जर्मन फौज आपल्या गावात शिरल्याचं रेडिओवर ऐकलं. हेडविग आणि ट्रूडे बऱ्या असोत. तुझ्या बायकोमुलीविषयी हे मनापासून लिहितोय, तुझ्याविषयी नाही.

गुरुवारची सकाळ मी त्याच संध्याकाळी डायरीत उतरवली होती. रागाच्या भरात काही वाढवून लिहिलं असेल म्हणून आज पुन्हा वाचली. वाढवलेलं काही नाही.

तू दंडाला स्वस्तिकाची पट्टी बांधून आलास, मागे तिघं. "घर सोडायला दोन तास आहेत, मास्तर," म्हणालास. चौदा वर्षं कुंपणावरून शिडी उसनी नेणारा तू! व्लास्ताने आईचं शिवणयंत्र हातगाडीवर चढवलं, तर तू चाकाला पाय लावलास.

"यंत्र राहू दे इथंच. नाहीतर असं कर, तुझी रानातली अळंबीची जागा सांग आणि यंत्र ने. चौदा वर्षं टोपली झाकून पळतोस लेका! आता काय प्रागच्या फरसबंदीवर उगवणारेत तुझ्या अळंब्या?"

तिघं खिदळले. आमच्यात मरणाऱ्या बापाच्या तोंडूनसुद्धा जागा सहज निघत नाही, हे तुला ठाऊक होतं. व्लास्ता हळूच म्हणाली, "सांगून टाक ना. एवढं मिळालं की जाईल तो."

म्युनिकलाही हेच ठरलं, आमच्या माणसांना दाराबाहेर बसवून. जर्मनीला सरहद्दीचे डोंगर देऊन टाका, तटबंदी देऊन टाका, एवढं मिळालं की शांत होतील. आमची पोरं एकही गोळी न झाडता त्या तटबंदीतून रडत बाहेर आली.

मीही दिलं. चुन्याच्या जुन्या भट्टीमागे, फरच्या झाडांत, म्हणालो. तू मान डोलावलीस आणि तिघांकडे वळलास. "उतरवा रे ते यंत्र."

तेव्हा मी हसलो होतो. आठवतं?

"एर्विन, खरी जागा तर राहिलीच. गिरणीच्या वर, ओकांखाली, हिरव्या टोपीच्या. लोण्यात परतायच्या, वर शहाजिरं."

तू माझी पाठ थोपटलीस.

हिरव्या टोपीच्या दोन जाती असतात, हे शाळेत मीच शिकवतो. एक चविष्ट. दुसरीने रात्रभर उलट्या होतात, मग एक-दोन दिवस इतकं बरं वाटतं की माणूस उठून सूप मागतो. त्यानंतर यकृत जातं आणि माणूसही. गिरणीच्या वर दुसरी उगवते. युद्ध टळलं म्हणून लंडनमध्ये लोक रस्त्यावर येऊन आनंद करतायत म्हणे. तिथे सध्या बरं वाटण्याचा दिवस चालू आहे.

दोन रात्री मला छान झोप लागली. लिहायला लाज वाटते, पण लागली. तू पिवळा पडून भिंतीकडे तोंड करून निजलेला दिसायचास आणि मी कूस बदलायचो. ट्रूडे लहान आहे, ती अळंबी ताटाच्या कडेला सारेल, अशी मनाची समजूत घातली होती. आज सकाळी आठवलं, ती अळंबी खायला शिकली ती आमच्याच घरी, व्लास्ताच्या मांडीवर बसून.

उद्या रविवार. तू पहाटे टोपली घेऊन निघणार. म्हणून हेडविगच्या नावे तार केली, 'गिरणीवरच्या विषारी. खाऊ नका.' कारकून म्हणाला, "सरहद्दीपलीकडे पोचेल की नाही देव जाणे, साहेब." बाहेर आलो आणि पायरीवर क्षणभर वाटलं, न पोचली तर? तेही डायरीत लिहिलंय.

हे पत्र तू स्वतः वाचत असशील, तर तार पोचली. म्हणजे इथून पुढे तू एका हाकलून दिलेल्या चेक माणसाच्या मेहेरबानीवर जगतोयस. माफी मी मागत नाही. तार ट्रूडेसाठी होती, पत्र तुझ्यासाठी आहे.

घर घेतलंस, बाग घेतलीस, यंत्र घेतलंस. आता एकच विचारशील, भट्टीमागच्या अळंब्या कशा आहेत? ते मी सांगणार नाही. यंत्र उतरवायला लावशील हे मला आधीच कळलं होतं की नव्हतं, तेही नाही. जा, टोपलीभर आण. ट्रूडेला त्या दिवशी दूध-पाव दे. पहिला घास तू घे, आणि चार दिवस वाट बघ.

चौदा वर्षं तुझा शेजारी,
बोहुमीर