लांबच्या रेसचा जोडीदार

ठाकुर्ली,
१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय क्षिप्रा,

तुझी व्हॉइस नोट ऐकली. "काय ते हो की नाही एकदाचं सांग ना रे!" सांगतो. पण कागदावर. फोनवर माझा आवाज चढतो असं तूच म्हणतेस. कागदावर चढत नाही. तुझे अण्णा मेलबर्नला फराळ घेऊन निघालेत, त्यांच्याजवळच हे पाकीट देतो. आईनेही तुझ्यासाठी चकल्या बांधल्यात. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

इकडे सगळं ठीक. शीळफाट्याच्या टायरच्या दुकानात आता रुळलोय. परवा तानाजीशेठ ओरडले, "सुदेश, टायर बसवतोयस का गणपती बसवतोयस?" आधीचा मी असतो तर पाना फेकून घरी आलो असतो. आता टायर बसवला आणि पुढचा घेतला.

रेसचं म्हणशील तर ऑस्ट्रेलियातल्या या टूरिंग कारच्या रेसचा नाद मला कॉलेजात तूच लावलास. पास होऊन तिकडे गेलीस तरी सुटला नाही. यंदा फेब्रुवारीत सीझन सुरू झाला तेव्हा तुझ्या खोलीत तू एकटीच होतीस. टीव्ही म्यूट, फोन कानाला, आणि इथून माझी मराठी कॉमेंट्री. अपघात झाला की सगळ्यांना हळू करायला येणाऱ्या सेफ्टी कारला मी 'सासूबाई' म्हणायचो, कारण ती पुढे असली की कुणाची ओव्हरटेक करायची हिंमत नाही. तू हसून हसून खोकायचीस. आईला वाटायचं, मी सकाळी सकाळी कुणाशी भांडतोय.

टास्मानियाच्या रेसला म्हणालीस, अर्धीच ऐकते, कुणीतरी येणारे. डार्विनला ते कुणीतरी मागे हसत होतं. टाउन्सव्हिलला नाव कळलं, केदार. आपल्याच डोंबिवलीचा निघाला, रामनगरचा. माणूस चांगला वाटतो. राग येतोय का ते मी बघितलं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर आपण गाल दाबून बघतो ना, तसं. गाल आहे, एवढंच कळतं.

आता परवाच्या रविवारचं. बाथर्स्टच्या रेसला तुम्ही दोघं तिथल्या डोंगरावरच्या ट्रॅकवर, मी घरी पलंगावर. फोन लावला, तू स्पीकरवर टाकलास. आणि पहिलंच वाक्य, "ऐक ना, डिसेंबरात डोंबिवलीत आमचा साखरपुडा. निवेदन तूच करायचंस! स्टेजवरून म्हणायचं, क्षिप्रा आणि तिचा जोडीदार केदार. तुझाच शब्द!" मागून केदार, "नाही म्हणू नकोस हां, मित्रा."

मी म्हटलं, "थांब, पुढची गाडी टायर बदलायला पिटमध्ये येतेय."

कुठलीच येत नव्हती. मी फोन ठेवला.

उरलेली रेस आवाज बंद करून बघितली. आई चहा घेऊन आली. "आज भांडण नाही झालं का रे?"

"नाही."

चहा ठेवून ती म्हणाली, "मग भांडायचं की."

शब्द माझाच, ते खरं. बाथर्स्टला एक गाडी दोघं आळीपाळीने चालवतात. एक मेन ड्रायव्हर, वर्षभराचा. दुसरा को-ड्रायव्हर, फक्त लांबच्या रेसना बोलावलेला. त्याला मी 'जोडीदार' म्हणायला लागलो. गेल्या वर्षीच्या बाथर्स्टला बोलता बोलता तुला विचारलं, "होशील माझी जोडीदार?" तू म्हणालीस, "हो रे, लांबच्या रेसला नक्की." तू रेसचं बोलत होतीस. मी तो होकार समजलो, आणि त्यावर वर्ष काढलं. कॉलेज कंटाळा आला म्हणून सोडलं, असं तुला सांगितलेलं. तसं नाही. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ती पास होऊन परदेशात पोचली, तू अजून तिच्याच बाकावर?" मी फाइल आपटून बाहेर पडलो ते आत गेलोच नाही. वाटलेलं, रेस लांबची आहे, एखादी लॅप गेली तर काय एवढं.

ड्रायव्हर बदलतात तेव्हा उतरणारा काय करतो, तू नीट बघितलंयस का? सीटमधली आपली गादी ओढून सोबत घेतो. पुढच्याच्या पाठीला ती बसत नाही. मग आत वाकून पुढच्याचे पट्टे आवळून देतो आणि बाजूला होतो. गाडी जाते.

गादी मी काढून घेतो, क्षिप्रा. पट्टे आवळायला दुसरा कुणी बघ. निवेदन माझ्याच्याने होणार नाही.

आणि स्टेजवर जो कुणी बोलेल, त्याला तो शब्द देऊ नकोस. केदार मेन ड्रायव्हर आहे, गाडी शेवटपर्यंत नेणारा. जोडीदार मी होतो.

अॅडलेडला सीझन संपेल. मी बघेन. फोन येणार नाही, तू टीव्हीचा आवाज चालू ठेव.

तुझा, लांबच्या रेसपुरता,
सुदेश