लाल फुलीवर गोळ्या

चि. गिरिधरास आईचे आशीर्वाद. सांगते मी, लिहिते तुझी भाची रजनी. आई महिनाभर जालन्यात लेकीकडे आहे, हे ध्यानात आहे का विसरून मोकळा झालास?

तुझ्या मुकुंदानं कोरियातून पत्र घरी न धाडता इथं धाडलं. तो जखमींना नेतो त्या गाडीवर मोठी लाल फुली आहे, तरी कोणी गोळ्या घातल्या. आपल्याकडं बांधावर काठ्या चालल्या तरी जखमांवर लावायला हळद घेऊन आलेल्या बाईला कोणी हात लावत न्हाई. बंदूकवाल्यांना तेवढीही अक्कल न्हाई.

‘मी बिलकुल ठीक आहे,’ म्हणतो. मला वाचता येत न्हाई, पण त्याच्या ओळी पेरणीच्या तासासारख्या सरळ असतात. या बैल उधळल्यासारख्या आहेत. पोरानं डाव्या हातानं लिहिलंय.

सूनबाईला हे सांगू नको. डिंकाचे लाडू तेवढे जल्दी बांधून घे, अन् इथं पाठव. पार्सल आम्ही करू. लहान बांधायला सांग. डाव्या हातानं खाल्ले तरी या खेपेला मी रागावणार न्हाई.