तिसऱ्या प्रकरणाआधीचं पान

ल्युब्ल्याना, ४ फेब्रुवारी २००८

ती. इझिदोरदादास, धाकट्या दारिंकाचा सा. न. वि. वि.

तू टेलिफोनची वायर उपटून ठेवली आहेस, तेव्हा शाई खर्चण्यावाचून मला गत्यंतर नाही. इस्पितळाचे फोन आठवतात म्हणतोस, मग राहू दे. मलाही पत्रं लिहायची सवय होती, ती आता पुन्हा लागेल.

काम असं आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी घरी लोणची घालत बसेन असं सगळ्यांना वाटलं होतं. त्याऐवजी आमच्या कॉम्प्युटर मंडळानं माझ्या गळ्यात एक पुस्तक घातलं आहे. मुक्त सॉफ्टवेअरवरचं, अगदी पहिल्यांदा कळ दाबणाऱ्यांसाठी. म्हणजे असं सॉफ्टवेअर की जे कुणीही वापरावं, उघडून बघावं, बदलावं आणि शेजाऱ्याला द्यावं. मंडळातले सगळे जण हुशार आहेत, हीच अडचण आहे. मला यातलं काही न येणारा माणूस हवा आहे. तुझ्याइतका न येणारा माझ्या ओळखीत दुसरा नाही.

तोंचकावहिनी गेल्यापासून तिचा कॉम्प्युटर खिडकीपाशी तसाच असेल. एकेक प्रकरण पाठवते. वाचायचं, करून बघायचं, आणि अडलं की कडेच्या कोऱ्या जागेत लिहायचं. तुझा वेळही जाईल. वेळ जावा म्हणून सांगत नाही, पण जाईल.

सोबत प्रकरण पहिलं आणि दुसरं. जेवतोस ना? लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी,
दारिंका

•

इद्रिया, १५ फेब्रुवारी २००८

चि. दारिंकास अ. आ.

प्रकरणं मिळाली. वाचली. तू प्रत्येक पानावर ‘फक्त’ लिहितेस. फक्त हे दाबा, फक्त ते उघडा. ज्याला येतं त्याच्यासाठी फक्त असतं. ‘फक्त’ काढ. ‘सहज’ही काढ, तो अठरा वेळा आहे.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे झ्लिक्रोफीची कृती, सगळ्यांनी वापरावी आणि आपापल्या चवीनं बदलावी, हे उदाहरण चांगलं आहे. पण तू बटाट्याच्या सारणात कांदा कमी सांगितला आहेस. इद्रियातल्या बायका तिथंच पुस्तक मिटतील.

माउस हलवायला शिकलो. एकतीस वर्षं खाणीतले पंप चालवले त्या हाताला तो फार हलका लागतो.

जेवतो. बाराला आणि सहाला. बर्फ काढतो, लाकडं फोडतो. झोप लागते. कुणी विचारलं तर बरं आहे म्हणतो. वाईट आहे असंही नाही. काहीच नाही.

पुढचं पाठव.

इझिदोर

•

ल्युब्ल्याना, २१ फेब्रुवारी २००८

ती. दादास सा. न.

‘फक्त’ सगळे काढले. मंडळात वाचून दाखवलं तेव्हा एका तरुण गृहस्थानं विचारलं की हे संपादक कोण, यांना कुठून आणलं. मी म्हटलं, खाणीतून.

कांद्याचं मात्र आपलं पटणार नाही. आई एवढाच घालायची.

आता तिसरं प्रकरण. हेच खरं. सोबतची सीडी घालायची आणि पान एकोणीसपासून ओळीनं करत जायचं. कॉम्प्युटरचा जुना संसार जाऊन नवा मांडला जाईल, आणि तो कुणाच्या परवानगीचा मिंधा नसेल. पडद्यावर प्रश्न येतील, घाबरू नकोस. पुस्तक सांगेल तसं उत्तर दे. जमलं तर सोबतच्या चौथ्याचेही धडे करून बघ.

मंडळाला मेपर्यंत खर्डा हवा आहे, म्हणून घाईत लिहिते. लोभ करतोसच.

दारिंका

•

इद्रिया, १० मार्च २००८

चि. दारिंकास अ. आ.

तिसरं प्रकरण झालं. गेल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला बसलो. पावणेदोन तास लागले. पान तेवीसवर ‘संपूर्ण डिस्क वापरा’ निवडायला सांगितलं आहे, ते निवडलं. मग पडद्यानं विचारलं की नक्की का. तुझं पुस्तक म्हणतं, हो म्हणा. हो म्हटलं.

आता सगळं नवं आहे. लवकर उघडतं. मागे निळा रंग आहे. तेव्हापासून चौथ्या प्रकरणाचे धडे रोज करतो आहे. खाणीतल्या पाळ्यांविषयी बारा पानं टंकली आणि ग्रंथालयातून आणलेल्या चार सीड्यांवरची गाणी आत भरली. छान झालं आहे, असं तू नक्की म्हणशील.

एकच विचारायचं आहे. आधीच्या वस्तू कुठल्या प्रकरणात सापडतात? तोंचकाचे लेसचे नमुने आणि बाकीचं. पुढचं प्रकरण पाठवशील तेव्हा कळव. घाई नाही.

इझिदोर

•

ल्युब्ल्याना, १२ मार्च २००८

दादा,

पत्र मिळताच कॉम्प्युटर बंद कर आणि भिंतीतली वायर काढ. पुन्हा लावू नकोस, काही टंकू नकोस. शुक्रवारच्या बसनं मी येते आहे. मंडळातले एक जाणकार सोबत आहेत.

दारिंका

•

ल्युब्ल्याना, २५ मार्च २००८

ती. दादास सा. न.

सुखरूप पोचले. जाणकारांनी डिस्क इथं आणून आणखी आठवडाभर खटपट केली. काल त्यांनी हात टेकले. तुझी बारा पानं आणि ती गाणी नेमकी जुन्या वस्तूंच्या जागीच जाऊन बसली आहेत. ती मी भरायला सांगितली होती.

वस्तूंची प्रत काढून ठेवायचं प्रकरण मी लिहिलं होतं, दादा. ते नववं होतं. आधी सोपं आणि मग अवघड, असा माझा हिशेब होता. चौतीस वर्षं शिकवलं, आणि मुलानं पाटी पुसण्याआधी त्यावर काय लिहिलंय ते बघायचं मला सुचलं नाही.

मी स्वयंपाकघरात रडत होते आणि तू येऊन विचारलंस की सूपमध्ये अजून बटाटा घालू का. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

मंडळाला कळवलं आहे की पुस्तक मी सोडते. तू लिही किंवा लिहू नकोस.

तुझी अपराधी,
दारिंका

•

इद्रिया, २ एप्रिल २००८

चि. दारिंकास अ. आ.

सोडायचं नाही. मंडळाला पुन्हा कळव. तू लहानपणापासून असंच करतेस, पत्त्यात हरलीस की पत्ते चुलीत.

शिव्या द्याव्यात असं मला आतून काही वाटलं नाही, म्हणून दिल्या नाहीत. तू गेल्यावर लाकडं रचली. रडू येईल म्हणून थांबलो. आलं नाही.

नववं प्रकरण तिसऱ्याच्या आधी घाल. आणि त्याच्याही आधी एक पान मी लिहून पाठवतो आहे, ते जसंच्या तसं छाप. माझ्या नावानं. त्यात एवढंच आहे: खाणीत दोन पंप असत. एक थांबवायचा असेल तर आधी दुसरा चालू करायचा, त्याचं पाणी येताना डोळ्यांनी बघायचं, आणि मगच पहिल्याला हात लावायचा. मी हे एकतीस वर्षं केलं आणि घरी केलं नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर काय आहे ते उठून कागदावर लिहा. घरच्यांना विचारा. प्रत काढा. ती दुसरीकडे उघडून बघा. आज हे झालं नाही तर पान उलटू नका.

शुद्धलेखन तपास.

इझिदोर

•

इद्रिया, २० जून २००८

चि. दारिंकास अ. आ.

लेसचा उत्सव आहे म्हणून शेजारची रेझ्का तोंचकाचा एक नमुना मागायला आली. नाही म्हटलं. का विचारलं तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, तुला खुळ्याला आधी सांगायला काय झालं होतं, आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी बुटांचं खोकं घेऊन आली. मग पलीकडच्या आळीतल्या दोघी आल्या. तोंचका नवा नमुना काढला की त्याची प्रत सगळ्यांना वाटायची. आतापर्यंत त्रेचाळीस जमले. पण जसेच्या तसे नाहीत. एकीनं नक्षीतलं पान छोटं केलं आहे, एकीनं कड बदलली आहे. मी रेझ्काला एक दाखवून म्हटलं की हा तोंचकाचा नाही. ती उसळली. तोंचकाचा कोपरा वाकडाच यायचा, म्हणे, मी सरळ केला, आणि तिनं तरी तो माझ्या आईचाच उचलला होता.

तुझ्या पुस्तकात हेच आहे बहुतेक. मला आता कळलं.

खोकं कपाटावर ठेवलं आहे.

इझिदोर

•

ल्युब्ल्याना, १८ सप्टेंबर २००८

ती. दादास सा. न. वि. वि.

पुस्तक छापून आलं. पार्सलात दहा प्रती आहेत. बांधणी बेताची आहे, बारावं पान थोडं तिरकं आहे, पण तुझं पान सरळ आहे. परवान्यात लिहिलं आहे की कुणीही याची नक्कल करावी, बदल करावा. मंडळातल्या एकांनी सुचवलं की तुझं पान फार कडक आहे, थोडं मवाळ करू या. मी म्हटलं, तुमच्या आवृत्तीत करा.

या पुस्तकावरून इद्रियाच्या ग्रंथालयात वर्ग तू घ्यावास असं तिथल्या बाईंनीच सुचवलं आहे, माझा हात नाही. थोडा आहे.

मला अजून दर दिवशी ते तेविसावं पान आठवतं. तुला त्रास नको, पण न लिहिणं खोटं होईल. लोभ उणा झाला असेल तर तसंही कळव.

दारिंका

•

इद्रिया, १० ऑक्टोबर २००८

चि. दारिंकास अ. आ.

काल वर्ग झाला. अकरा जण होते. बहुतेक आपापल्या मुलांचे टाकून दिलेले कॉम्प्युटर उचलून घेऊन आले होते. माझं पान मी उभ्यानं वाचलं. मग सगळ्यांना हात मांडीवर ठेवायला लावले आणि एकेकाच्या मागे जाऊन विचारलं की आत काय आहे.

विन्को म्हणून एक जण आहे, पूर्वी सुताराकडे होता. म्हणाला, माझ्यात काही नाही, गाडी पुढे जाऊ द्या. मी म्हटलं, उघडून दाखव. तो चिडला. बायका हसल्या. मी तिथून हललो नाही. शेवटी त्यानं विचारलं की मास्तर, तुमचं असं काय गेलं.

त्याला सांगितलं ते तुला आधी सांगायला हवं होतं.

नमुन्यांशिवाय एक फाइल होती. ‘इझिदोरसाठी’ असं तिचं नाव. शेवटच्या उन्हाळ्यात तोंचका खिडकीपाशी बसून ती टंकायची. धीर होईल तेव्हा वाच, म्हणाली होती. चौदा महिने मला धीर झाला नाही. तिची प्रत कुणाकडे नाही, ती तिनं कुणाला वाटली नव्हती.

आणि हेही ऐक. पडद्यानं नक्की का म्हणून विचारलं तेव्हा मला ती फाइल आठवली होती. पुस्तकानं सगळं जाईल असं सांगितलं नव्हतं हे खरं, पण मी काही मूर्ख नाही. एक क्षण वाटलं की यात काहीतरी जाईल. आणि मी हो म्हटलं. जावं असं वाटलं होतं की नाही, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. तेव्हा तेविसावं पान एकट्यानं वाहू नकोस. अर्धं माझं आहे.

हे सगळं मी त्या अकरा जणांसमोर बोललो. विन्कोनं मान खाली घालून आपला कॉम्प्युटर उघडला. आत नातीचे फोटो होते, दोनशेच्या वर. त्याला माहीतच नव्हते, मुलानं भरून ठेवलेले. त्यांची प्रत काढण्यातच वर्ग संपला. तिसऱ्या प्रकरणापर्यंत एकही जण पोचला नाही, मी पोचू दिला नाही. पुढच्या गुरुवारी बघू.

बाहेर आलो तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. पुलावर थांबावं लागलं. आधी वाटलं, चक्कर आहे. कठड्याला धरून उभा राहिलो. मग कळलं की भूक लागली आहे. बाराचं जेवून निघालो होतो, सहाला अजून अवकाश होता, तरी भूक लागली होती. घरी जाऊन काही शिजवेपर्यंत दम निघाला नाही. रेझ्काचं दार वाजवलं आणि विचारलं की काही आहे का. तिनं ताट भरून झ्लिक्रोफी पुढे ठेवली. मी टोपीसुद्धा न काढता खाल्ली, आणि आणखी मागितली.

लोभ असावा असं आपल्यात लिहायची गरज नाही, तरी लिहितो. लोभ असावा.

तुझा दादा,
इझिदोर