शेवग्यावरचा शिक्रा

६ मार्च २००३, गुरुवार

बर्थाबायच्या शेवग्यावर शिक्रा! सकाळी चालत शेजारच्या गास गावी गेले होते, तिच्या वाडीतला दुधी आणायला. दुर्बीण गळ्यात होतीच. ती मंगळसूत्रापेक्षा जास्त वेळ गळ्यात असते असं चंद्रहास म्हणतो. नवऱ्यांनी बोलावं, आपण पक्षी बघावेत.

पाठ राखी. छातीवर तांबूस आडव्या रेघा. शेपटीवर काळे पट्टे. उडाला तो चार-दोनदा फडफड, मग पंख पसरून तरंगत, मग पुन्हा फडफड. शिक्र्याचीच चाल! वाडीतल्या बुलबुलांनी नुसता आकांत मांडला. चोच पानांआड होती, नीट दिसली नाही. पण चोच कशाला हवी? बँकेतून व्हीआरएस घेतल्यापासून दुसरं केलंय काय मी? उडण्यावरून ओळखते आता.

८ मार्च

पुन्हा गासला. बर्थाबाय रडकुंडीला आलेली. कोंबडीची पिल्लं एकेक करून नाहीशी होतायत. आणि ही साधीसुधी पिल्लं नाहीत — धाकट्या आग्नेलचं लग्न मे महिन्यात, त्या जेवणासाठी वाढवतेय ती. हात शेवग्याकडे. "तो मेला बसतो ना वरती, त्योच नेतो. दुसरा कोन?"

गॅब्रिएलदादा, तिचे यजमान, ओटीवर बसले होते. मागे खुंटीवर छऱ्याची बंदूक. मी तिकडे बघितलं ते त्यांनी बघितलं. म्हणाले, "उपवासकाळात हात नाय लावत मी तिला. मास नाय, दारू नाय, शिकार नाय. ईस्टर होऊन जाऊ दे." मग मलाच म्हणाले, "तवर तुमी बघा ना. दुर्बिन हाय तुमच्याकडं. कोंबडीचोर असला तर पाडतो. नसला तर उगाच पाप कशाला?"

म्हणजे निकाल माझ्या हाती! अंगावर मूठभर मांस चढलं. घरी येईपर्यंत उतरलं. निकाल तर परवाच लागलाय की.

१५ मार्च

आज समोरच बघितलं. शेवग्यावरून निघाला आणि अंगणावरून अगदी खालून गेला. कोंबडी किंचाळली, पिल्लं तिच्या पोटाखाली. त्याने काही उचललं असं दिसलं नाही, पण दुपारी बर्थाबाय मोजते तर एक कमी. आणखी काय पुरावा हवा?

१६ मार्च

चंद्रहासला सांगितलं. तो म्हणाला, "मग सांग ना, शिक्रा आहे म्हणून. घोडं कुठे अडलं?" गेल्या वर्षी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर एका गृहस्थांनी घारीला गरुड म्हटलं, तर मी चारचौघांत त्यांना झापलं होतं. जे आहे ते आहे म्हणावं, नाहीतर दुर्बीण विकून टाकावी, असं काहीतरी बोलले होते. चंद्रहास तेव्हा शेजारीच होता. आज त्याने ते काढलं नाही. उपकारच म्हणायचे!

२९ मार्च

अर्धा तास बसला होता. नुसता बसलेला. मधेच मान वळवून सरळ माझ्याकडे बघितलं — डोळा पिवळाधमक. कोंबडी मारली की आपण रस्सा करतो आणि याने पिल्लू नेलं की हा चोर. माझ्या एका शब्दावर हा मरणार. मला नाही बोलवणार तो शब्द.

४ एप्रिल

गेले नाही. उन्हाचं निमित्त केलं.

१९ एप्रिल, शनिवार

उद्या ईस्टर. आज गेलेच. बर्थाबाय तांदळाचं पीठ चाळत होती. गॅब्रिएलदादांनी बंदूक पुसून ओटीवर ठेवलेली. "काय ठरलं तुमचं?"

"शिक्रा नाही," मी म्हटलं. "पावशा आहे."

तोंडाला येईल ते बोलले असं नाही. येताना वाटेत जुळवूनच आले होते. पावशा दिसतो हुबेहूब शिक्र्यासारखा — पाठ, छाती, शेपटी, उडणंसुद्धा. पक्ष्यांच्या पुस्तकात तसा इशाराच दिलाय, नवखी माणसं इथे हमखास फसतात म्हणून. मी नवखी नाही. म्हणून तर मला नेमकं खोटं बोलता आलं! म्हटलं, तो किडे खातो, सुरवंट खातो. तुमच्या शेवग्यावर सुरवंटांसाठीच येतो बिचारा. पिल्लांना नखसुद्धा लावायचा नाही. तुम्ही आपलं अंगणावर जाळं टाका.

गॅब्रिएलदादा शेवग्याकडे बघत राहिले. "पावशा? मग 'पेर्ते व्हा' वरडत का नाय?"

"ओरडेल की. ऊन चढू दे अजून."

बंदूक परत खुंटीला गेली. त्यांनी विश्वास ठेवला. इतक्या सहज!

२१ एप्रिल

बर्थाबायने डबा भरून फुगे दिले, ईस्टरचे तळलेले गोड गोळे. चंद्रहासने मिटक्या मारत खाल्ले. मी एकालाही हात लावला नाही.

अर्नाळ्याहून कुणाचं तरी फाटकं जाळं आणून त्यांनी अंगणावर बांधलंय. तेव्हापासून पिल्लू गेलेलं नाही. आणि बर्थाबाय मला काय म्हणते? "तू बोललीस ते खरं गो बाय. शेवग्यावरचे सुरवंट कमी झाले बघ." बिचारी! मी सांगितलं तेच दिसायला लागलंय तिला. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२४ एप्रिल

ओरडायचा तर दूरच, शेवग्यावर हूं की चूं नाही. गॅब्रिएलदादा सहज विचारल्यासारखं विचारतात, "अजून ऊन कमी पडतं वाटतं?" चेष्टा करतात की संशय आलाय, कळत नाही.

२६ एप्रिल

ठरलं. उद्या खरं सांगून टाकणार. जाळं आहे, पिल्लं सुरक्षित आहेत, हात जोडून म्हणेन की आता त्याला सोडा. ऐकतील. नाही ऐकलं तर — तर काय! पण त्या भल्या माणसांना फसवून त्यांच्याच अंगणात चहा पीत बसणं माझ्याने होत नाही. चंद्रहास म्हणाला, "मी येऊ बरोबर?" नको म्हटलं. बरं वाटलं मात्र, विचारलं म्हणून.

२७ एप्रिल, रविवार

गॅब्रिएलदादा नुकतेच चर्चमधल्या मिस्साहून आले होते, अंगात अजून पांढरा सदरा. बर्थाबायने खुर्ची दिली. मी बसले नाही. "दादा, एक सांगायचं होतं —"

आणि शेवग्यावरून आवाज. पेर्ते व्हा! पेर्ते व्हा! वर वर चढत, आणखी वर, आता गळा फाटतो की काय! दुर्बीण लावली. तोच. तीच पाठ, त्याच रेघा, तीच शेपटी. आणि चोच उघडी — बारीक, सरळ. शिक्र्याची बाकदार चोच नव्हेच ती! पिल्लं कोण नेत होतं, कावळा की घार, आता देव जाणे.

"वरडला बघा!" गॅब्रिएलदादांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. "तुमी काय सांगत होत्या?"

"काही नाही."

त्या शनिवारी मी माझं खरं बोलले असते, तर आज तो ओरडायला उरला नसता.