आमच्या रोटातल्या जास्तीच्या पावणेचार मुठी

तीर्थस्वरूप नाना आणि सौ. वहिनी यांना धाकट्या अमृतचा वाकून नमस्कार. चि. तेजसला अनेक आशीर्वाद (तो आता माझ्यापेक्षा वीतभर उंच झाला असं आई सांगते, तेव्हा आशीर्वाद त्यानं जरा वाकून घ्यावेत).

इकडे सगळे खुशाल आहेत. पावसाळी हवेत आईचे गुडघे कुरकुरतात, पण तिची जीभ ठणठणीत आहे. तुमचं ब्लडप्रेशर ताब्यात आलं असं कळतं. कळतं म्हणजे, तुमचं आणि आईचं रोज संध्याकाळी फोनवर बोलणं होतं ते मी ओट्यावर बसून ऐकतो (अर्धंच ऐकू येतं, कारण माझं नाव निघालं की आई आत जाते). माझ्या तब्येतीचं म्हणाल तर बरी आहे, फक्त पोट फार सुटलंय. चोपड्याच्या डॉक्टरांनी विचारलं की श्रावणातच तुमचं वजन का वाढतं, उपास नाही का करत. मी त्यांना कारण सांगू शकलो नाही. तुम्हाला सांगणार आहे, पण जरा दमानं.

सात वर्षांत मी तुम्हाला ना पत्र लिहिलं ना फोन केला, आणि आज एकदम एवढी पानं आली म्हणजे तुम्हाला वाटेल, वाटणीचं काही निघालं असेल. तसं काही नाही. पत्रास कारण तुमची पुतणी डिंपल. ती पोलीस झाली आहे. अजून नववीतच आहे, पण झाली आहे.

त्याचं असं झालं की तिच्या शाळेत यंदा पोलीस कॅडेटचा उपक्रम सुरू झाला. ज्या पोरापोरींच्या मनात पुढे पोलिसात जायचं आहे, त्यांनी हे काम म्हणजे नेमकं काय असतं ते आत्ताच बघून घ्यावं, असा त्यामागचा हेतू. आठवड्यातून दोन दिवस कवायत, एक दिवस वर्ग, महिन्यातून एकदा पोलीस ठाण्याची भेट. शिकवायला दिपमाला मॅडम म्हणून हवालदार येतात, फार भल्या बाई. पालकांच्या सहीचा कागद आला तेव्हा मी फवारणीच्या गडबडीत होतो, सहल असेल म्हणून न वाचताच सही ठोकली. (न वाचता सही करू नये हे तिला पुढच्याच आठवड्यात शिकवलं, आणि तिनं ते पहिल्यांदा मलाच ऐकवलं.)

तेव्हापासून आपल्या घरात कायद्याचं राज्य आहे. पहाटे साडेपाचला शिट्टी होते. म्हैस दारासमोर रस्त्यात बांधतो म्हणून वाहतुकीला अडथळा होतो, असं ठरलं आणि तिची जागा बदलली. म्हशीला काही ते मान्य नव्हतं, तिनं दोन दिवस दूध दिलं नाही. पोरगी रोज वहीत 'म्हैस कुठे' अशी नोंद करते, वेळेसकट. मग वर्गात फोनवरच्या फसवणुकीचा धडा झाला. अनोळखी माणसाला आपली माहिती द्यायची नाही, हे तिनं आजीला इतकं पक्कं शिकवलं की दुसऱ्या दिवशी गॅसवाल्यानं सिलिंडर कुणाच्या नावाचं म्हणून विचारलं, तर आईनं नाव सांगायला साफ नकार दिला. सिलिंडर परत गेलं. आम्ही तीन दिवस चुलीवर जेवलो आणि आई तीन दिवस स्वतःवर खूश होती.

आणि मग एका सकाळी तिनं मला फाटकात अडवलं. लायसन दाखवा म्हणाली. मी हसलो. वीस वर्षं झाली मोटरसायकल चालवतो, लायसन काढायचं राहूनच गेलं (नाना, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार). तिनं हसून घेऊ दिलं, किल्ली काढली आणि दप्तरात टाकली. ती किल्ली अजून तिथेच आहे. मोहिनीकडे मात्र लायसन आहे, तिनं स्कूटी घेतली तेव्हाच काढलं होतं. तेव्हा हल्ली मी बायकोच्या मागे बसून शेतात जातो, डोक्यावर हेल्मेट घालून. चहाच्या टपरीवरचा धनसिंग आधी तिला नमस्कार करतो, मग मला विचारतो, आज कुठे नेताहेत. एका बागायतदार माणसाची अशी अवस्था झाली आहे.

हेही मी सोसलं असतं. पण गेल्या महिन्यात दिपमाला मॅडमनी सगळ्या पोरांना एकेक काम दिलं: आपल्या ओळखीतला एक न मिटलेला वाद निवडा, दोन्ही बाजू ऐका, साक्षीदारांचे जबाब लिहा आणि शेवटी तुम्हाला काय दिसलं ते मांडा. बाकीच्या पोरांनी बांधाचे, सांडपाण्याचे, मांजराचे वाद निवडले. आपल्या पोरीनं निवडला तो तुमचा आणि माझा.

मी माझा जबाब दिला, तोच जो गावाला सात वर्षं देत आलोय. भाऊबंदातल्या वनाच्या लग्नाला धुळ्याला निघालो होतो, पुढे मोटरसायकलवर मी, मागे आई, टाकीवर सात वर्षांची डिंपल, आमच्या मागे वऱ्हाडाचा टेम्पो. सोनगीरजवळ नाकाबंदी होती आणि नाकाबंदीत पोलिसाच्या वर्दीत माझा सख्खा भाऊ उभा. त्यानं सगळ्या वऱ्हाडासमोर माझी पावती फाडली, आईला उतरवून टेम्पोत बसवलं, आणि तेव्हापासून गर्वानं कानबाईच्या रोटालाही येईनासा झाला. पोरीनं सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, सही करण्याआधी वाचा. मी वाचलं, सही केली आणि निर्धास्त झोपलो.

तिनं मात्र साक्षीदार शोधले. पहिली साक्षीदार ती स्वतः, कारण ती टाकीवर होती. तिला त्या दिवसातलं एकच आठवतं, की ती रडायला लागली तेव्हा तुम्ही खिशातली दुसरी शिट्टी काढून तिला दिलीत. रोज पहाटे साडेपाचला आमच्या घरात वाजते ती तीच शिट्टी, हे मला या चौकशीत पहिल्यांदा कळलं. दुसरी साक्षीदार शेजारच्या शेवंताबाई, त्या टेम्पोत पुढच्या सीटवर होत्या आणि त्यांचे कान तुम्हाला माहीतच आहेत. त्यांनी सांगितलं की अमृतनं पावती हातात घेतली आणि मोठ्या आवाजात म्हणाला, ‘‘आजपाईन आमना रोटमा तुमनी मूठ नही!’’ नानांनी फक्त टेम्पोला पुढे जायचा हात केला. तिसरी साक्षीदार आई. तिनं जबाब द्यायलाच नकार दिला. ‘‘माले काय इचारस? तुना बापले इचार. मूठ कोनी तोडी ते त्यालेच ठाऊक शे.’’

म्हणजे नाना, तुम्ही गर्वानं येत नाही असं मी सात वर्षं सांगत होतो, आणि ज्याची मूठच नाही म्हणून सांगितलं तो माणूस रोटाला येणार कसा, हे पोरीनं एका ओळीत लिहून ठेवलं. रोट म्हणजे काय हेही तिनं खाली लिहिलंय, कारण दिपमाला मॅडम आपल्या भागातल्या नाहीत: कानबाईच्या सणाला घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, ते दळून पोळ्या करतात, आणि त्या पोळ्या फक्त भाऊबंदांनीच खायच्या, बाहेर द्यायच्या नाहीत, उरल्या तर घरच्यांनीच संपवायच्या. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, माझ्या पोटाचा प्रश्न त्याच्यातच आहे.

आता गेल्या शनिवारचं सांगतो. सण अजून पुढे आहे, पण दळणासाठी मोहिनीनं रोटाचे गहू घेतले. आई, मी, ती आणि डिंपल, चार माणसांच्या सव्वा सव्वा मुठी, एकूण पाच मुठी. एरवी कोण मोजतंय, पण यंदा पोरीनं वहीत 'मुद्देमाल: गहू, पाच मुठी' अशी नोंद केली. गहू टोपलीत घालून, वर फडकं टाकून देवापाशी ठेवले. सकाळी फडकं काढलं तर ढीग मोठा दिसला. मोहिनीनं स्वतःच्या मुठीनं पुन्हा मोजले. पावणेनऊ मुठी भरल्या.

मोहिनी ओरडली, तेवढ्यात शेवंताबाई ताक मागायला आल्या होत्या, झालं. कानबाईनं गहू वाढवले! दुपारपर्यंत आपल्या ओसरीत तीसेक बायका, कुणी ओटी आणली, कुणी नारळ, कुणी टोपलीला झेंडूची माळ घातली, आणि पलीकडच्या गल्लीतल्या भजनी मंडळानं टाळ काढले. एका बाईनं पाठीच्या दुखण्यासाठी चार दाणे मागितले. आई मधोमध पाटावर बसून गालातल्या गालात हसत होती. मी गोठ्यात होतो. मला गोठ्यात फार काम निघालं होतं.

डिंपल मात्र टोपलीपाशी हळदीची रेघ ओढून उभी राहिली, कुणाला हात लावू देईना. मग खाली बसली आणि गहू परातीत पसरून दाणा दाणा बघायला लागली. अर्ध्या तासानं गोठ्यात आली. माझ्या तळहातावर तिनं दोन ढिगल्या ठेवल्या, एक लोकवनची, एक बन्सीची. मोहिनीनं घेतलेले गहू लोकवन. बन्सी गहू आपल्याकडे एकाच ठिकाणी असतो, गोठ्यातल्या माझ्या पिंपात. ‘‘आप्पा, हाऊ बन्सी कथाईन उना?’’ हा कुठून आला, एवढंच तिनं विचारलं.

सांगतो आता. तुमच्या, वहिनींच्या आणि तेजसच्या नावाच्या सव्वा सव्वा मुठी, म्हणजे पावणेचार, मी दर वर्षी गुपचूप टाकत आलोय. तोंडानं तुमची मूठ तोडली ती दुपारची वेळ होती, हाती पावती होती, डोकं तापलं होतं. पण त्या श्रावणात मोहिनीनं टोपली देवापाशी ठेवली आणि ती मला भरलेली वाटेना. तुम्ही तिघं सोडून रोट कसला? म्हणून टाकल्या. पुढच्या वर्षी पुन्हा टाकल्या. आणि मग दर वर्षी पोळ्या उरायच्या, बाहेर द्यायच्या नाहीत, मोहिनीला कोडं पडायचं, आणि मी कुणाला संशय नको म्हणून खात सुटायचो. सात वर्षं तुमच्या तिघांच्या वाटणीच्या पोळ्या मी एकट्यानं खाल्ल्या आहेत, नाना. माझं हे जे पोट आहे ते माझं नाही, ते तुमचं आहे.

बायकांना खरं सांगायला पोरगी निघाली होती, आईनं अडवलं. वाढले ते खरंच ना, म्हणाली, कुणी वाढवले ते देवीचं देवी बघेल. (आईला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं, असं आता कळतं.) पोरीनं वहीत शेवटी लिहिलंय: 'आप्पांचं बोलणं आणि आप्पांचं वागणं सात वर्षं जुळत नाही.' शिक्षा म्हणून मी तुम्हाला सगळं लेखी कळवायचं, तोंडी चालणार नाही. म्हणून हे पत्र.

एवढं लिहिलं म्हणजे मी नमतं घेतलं असं समजू नये. सख्ख्या भावाला पाच मिनिटं बाजूला घेऊन सांगता आलं असतं, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. बाकी सर्व ठीक. वहिनींनी तब्येतीला जपावं.

तुमचा धाकटा,
अमृत

ता. क. डॉक्टरांनी मला दोन पोळ्यांवर खायची बंदी केली आहे. तेव्हा यंदा ज्याच्या त्याच्या वाटणीच्या पोळ्या ज्यानं त्यानं येऊन खाव्यात. नागपंचमीनंतरचा रविवार. चोपड्याच्या स्टँडवर मोहिनी स्कूटी घेऊन येईल, वहिनी तिच्या मागे बसतील, तुम्हाला आणि तेजसला रिक्षा करून देऊ. मी येऊ शकत नाही, माझं अजून लर्निंगच आहे.

ता. क. दुसरा. नाही आलात तरी आमचं काही अडत नाही. मुठी टाकल्या आहेत हे कळवायचं होतं, कळवलं.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात. नाना, मी कॅडेट डिंपल. पत्र पाकिटात घालायच्या आधी वाचून तपासलं. मजकूर खरा आहे, फक्त 'आमचं काही अडत नाही' हे खोटं आहे. हे पत्र पाचव्या वेळेला लिहिलेलं आहे. आधीचे चार कागद आप्पांनी फाडून गोठ्यात टाकले होते, ते मी गोळा केले, चिकटवले आणि पुरावा म्हणून सोबत पाठवत आहे. चारही कागदांवर एकच ओळ आहे: 'नाना, माझं चुकलं, घरी या.' चौथ्या कागदावर शाई पसरली आहे. आप्पा म्हणतात म्हशीनं चाटला. माझ्या वहीप्रमाणे म्हैस त्या वेळी रानात होती.